रिकामा रकाना

गेल्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, "सर, वाचनालयाची पुस्तकं ॲक्सेसमध्ये भरायला बसलो, तर ते आधी टेबल आणि फील्ड मागतं. माहिती भरायची कधी?" प्रश्न रास्त आहे. ॲक्सेस १९९२ साली आलं, त्याआधी डीबेस होतं, फॉक्सप्रो होतं. हट्ट सगळ्यांचा एकच. आधी रकाने ठरवा. रकान्याचं नाव काय, त्यात अक्षरं येणार, आकडा की तारीख, आणि तो रिकामा सोडला तर चालेल का. हा शेवटचा प्रश्न लोक झटकन ओलांडून जातात. आज त्याच्यावरच थांबू, आणि त्यासाठी अलिबागला जाऊ.

सातबारा तुम्ही पाहिलाच असेल. दिसायला एक कागद, पण ती टेबलं दोन: गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये हक्क, बारामध्ये पीक. वेगळी कशाला? मालक वर्षानुवर्षं तोच, पीक मात्र दरवर्षी नवं. दोन्ही एकत्र केली तर मालकाचं नाव दरवर्षी पुन्हा लिहायचं, आणि एखाद्या वर्षी ते चुकायचंच. दोघांना जोडतो तो सर्व्हे नंबर. नावाशेजारी वर्तुळात आकडा असतो, तो फेरफाराचा. तो धरून नमुना सहामध्ये गेलं की हे नाव इथे कसं आलं ते कळतं. एडगर कॉडने टेबलांच्या संबंधांवरचा निबंध १९७० साली लिहिला. आमच्या तलाठ्याचं त्यावाचून काही अडलं नव्हतं! आणि जुनी नोंद तो पुसत नसे, तिला कंस करत असे.

पण रकाने ठरवतो कोण? इंग्रजी मोजणीचा मूळ प्रश्न होता, सारा कोण भरणार. त्याला रकाना. हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ साली आला. खोती गावात सारा भरणारा खोत. खारेपाटात बांध घालून समुद्राचं पाणी अडवणारं आणि भात पिकवणारं कूळ खोताच्या हिशेबात येई, ते देणेकरी म्हणून.

मग अलिबाग तालुक्यातल्या चरीचा संप. १९३३ ते १९३९, नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली. शेतकऱ्यांनी जमिनी कसायच्याच नाकारल्या, सहा वर्षं हाल सोसले. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. १९३९च्या कूळ कायद्याने 'संरक्षित कूळ' हा शब्द आणला, आणि त्याबरोबर अट: ठरलेल्या तारखेपूर्वी सलग सहा वर्षं जमीन कसलेली हवी. आता सांगा, ते दाखवायचं कशावरून? ज्याला रकानाच नव्हता त्याने पुरावा आणायचा कुठून?

म्हणून पुढच्या काळात सातबाऱ्यावर कुळाचं नाव आणि खंड यांना जागा असणं, पिकाच्या बाजूला 'जमीन करणाराचे नाव' असणं, ही बारीकसारीक गोष्ट नव्हती. त्याशेजारी 'रीत' नावाचा चिमुकला रकाना. मालक स्वतः कसतो की दुसऱ्याकडून, ते तिथे नुसत्या आकड्याने लिहीत. १९४८च्या कायद्यानुसार १ एप्रिल १९५७ या दिवशी, काही अपवाद सोडता, कसणारं कूळ मालक मानलं गेलं. त्या एका आकड्यावर जमीन राहिली किंवा गेली.

आणि तिथे काहीच लिहिलेलं नसेल तर? त्या वर्षी जमीन पड होती, की कसणारा होता आणि कुणी लिहिला नाही? कागदावर दोन्ही सारखंच दिसतं. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, मला इथे वैशेषिक आठवतात. कणादांच्या यादीत पदार्थ सहा. 'अभाव' हा सातवा पुढच्या आचार्यांनी घातला. इथे घट नाही हे कळणं वेगळं, आणि घट मला दिसला नाही हे वेगळं. दिवा लावून पाहिलं का, हे आधी विचारावं लागतं.

तर वाचनालयवाल्या मित्रा, तुमच्या टेबलात 'परत केल्याची तारीख' रिकामी असेल, तर पुस्तक वाचकाकडे आहे की टेबलावरच्या माणसाने लिहायचं राहिलं? 'परत आले' असा हो-नाहीचा वेगळा रकाना करा, आणि तो रिकामा सोडू देऊ नका. नाहीतर एखाद्या आजीला न नेलेल्या पुस्तकाचा दंड भराल.