शब्द, कुलूप आणि घर : स्मृतिभ्रंशाचा एक स्थानिक इतिहास

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण मराठीत इतक्या सहजपणे वापरली जाते की तिच्यात एका आजाराचे वर्णन दडले असावे, हे क्वचितच कोणाच्या ध्यानात येते. 'म्हातारचळ' हा शब्दही त्याच जातीचा. दोन्हींत थट्टा आहे, आणि वय झाले की बुद्धी जायचीच, हे गृहीतकही आहे. या थट्टेच्या पलीकडे गेलेल्या माणसासाठी भाषेजवळ दुसरा शब्द होता, 'वेड'. आणि तिसरा, 'स्मृतिभ्रंश', वैद्यकाच्या हातात हात घालून अलीकडे घराघरांत आला. या तीन शब्दांनी रुग्णाला आणि त्याच्या कुटुंबाला तीन वेगवेगळ्या जागा नेमून दिल्या. त्या नेमणुकीचा इतिहास आम्ही येथे पालघर आणि बोईसर-तारापूर या पट्ट्यातून पाहू इच्छितो.

हाच पट्टा का, असे कोणी विचारील. मराठी वाचकाला हा भाग मुख्यतः दोन वाटांनी परिचित आहे. एक वाट १९४५च्या वारली लढ्याची आणि गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाची. दुसरी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड येथे उभारलेल्या बालशिक्षणाची. म्हणजे येथील बंडाला आणि बालपणाला इतिहासात स्थान मिळाले. वार्धक्याला मात्र, निदान आमच्या वाचनात तरी, ते आढळत नाही.

प्रथम शब्दांकडे पाहू. 'स्मृतिभ्रंश' हा सामासिक शब्द भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात येतो तो एका साखळीतील कडी म्हणून. विषयांच्या चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, त्यातून स्मृतीचा भ्रंश आणि शेवटी बुद्धीचा नाश, असा तो क्रम आहे. स्मृती ढळणे हे तेथे संयम ढळल्याचे फळ आहे. ज्याला आज आपण नैराश्य म्हणतो त्याच्या जवळचा शब्द, 'विषाद', हाही गीतेच्या पहिल्या अध्यायाच्या नावातच आहे, आणि त्याचे निरसन उपदेशाने होते. वैद्यक-परंपरा याहून निराळी होती. चरकसंहितेने उन्माद आणि अपस्मार यांना व्याधी म्हणून पाहिले, त्यांची कारणे आणि उपचार सांगितले. परंतु लोकमानसात रुजला तो नैतिक अर्थ. मन खचले तर 'मन घट्ट कर' म्हणायचे आणि विसर पडला तर 'लक्ष कुठे असते' असे विचारायचे, ही आपली घरगुती रीत त्या अर्थाचीच दूरची वारस आहे.

यानंतरचा काळ संस्थांचा. १९०१ हे वर्ष येथे योगायोगाने दोनदा येते. त्या वर्षी ठाण्यात वेड्यांचे इस्पितळ सुरू झाले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे आलोइस अल्झायमर या डॉक्टरासमोर ऑगस्ट डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची स्त्री रुग्ण म्हणून आली. तिचा पती रेल्वेत कारकून होता. पत्नीचे बदललेले वागणे आणि ढासळती स्मरणशक्ती यांच्यापुढे हात टेकूनच त्याने तिला तेथे आणले होते. १९०६ साली ती वारली. अल्झायमरने तिच्या मेंदूची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून आपली निरीक्षणे त्याच वर्षी ट्युबिंगेनच्या सभेत मांडली. १९१० साली क्रेपेलिनने आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचे नाव दिले. एका कारकुनाच्या घरातील हतबलतेतून अशा रीतीने एका रोगाचे नाव जन्माला आले.

ठाण्याच्या दारापर्यंत येणाऱ्या कुटुंबाजवळ तेव्हा असे कोणतेही नाव नव्हते. १८५८च्या कायद्याला ठाऊक होता तो 'ल्युनॅटिक', म्हणजे ज्याचे चित्त ठिकाणावर नाही असा कोणीही. १९१२च्या कायद्याने पद्धत अधिक रेखीव केली. दंडाधिकाऱ्यापुढे अर्ज करायचा, तो शक्यतो पतीने, पत्नीने किंवा नातेवाइकाने. सोबत दोन वैद्यकीय दाखले. मग दाखल करण्याचा हुकूम. या व्यवस्थेत कुटुंबाची भूमिका अर्जदाराची आहे. आपल्या माणसाला सरकारच्या स्वाधीन करणारा, असे त्याचे चित्र त्या कागदांतून उभे राहते. त्यापूर्वी घरात काय घडले, किती रात्री जागून काढल्या, याची नोंद करण्यासाठी त्या अर्जात रकाना नव्हता.

पालघर आणि बोईसर परिसरासाठी हा प्रश्न अंतराचाही होता. २०१४च्या १ ऑगस्टला स्वतंत्र पालघर जिल्हा झाला. तोवर हा सारा भाग ठाणे जिल्ह्यातच होता. म्हणजे जिल्ह्याचे ठिकाण आणि मनोरुग्णालय एकाच शहरात, पण दोन्ही दूर. किनाऱ्याने जाणारी रेल्वे १८६०च्या दशकातली. तिने हा पट्टा मुंबईशी जोडला. ठाणे मात्र दुसऱ्या मार्गावर. आजही बोईसरहून ठाण्याला जायचे तर वाटेत गाडी बदलावी लागते. ज्याला आपण कोठे आहोत हेच उमगत नाही, अशा माणसाला घेऊन गर्दीच्या फलाटावर गाडी बदलणे म्हणजे काय, हे ज्यांनी केले आहे त्यांनाच कळेल. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून येणाऱ्यांसाठी तर रेल्वे गाठणे हाच अर्धा प्रवास. भगताचे दार त्या मानाने जवळ होते, आणि तेथे माणसाला कोणी वेडा म्हणत नसे. त्याला 'बाहेरचे' झाले आहे, असे म्हणत. आजाराचा दोष रुग्णावर न टाकण्याची ही एक पद्धत होती, हे मान्य करावयास हवे. उपचार लांबण्याचे ते एक कारण होते, हेही तितकेच खरे.

स्वातंत्र्यानंतर या पट्ट्याच्या लोकजीवनात मोठा बदल झाला. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. पुढे बोईसरजवळ औद्योगिक वसाहत वाढली. केंद्राचा तिसरा आणि चौथा संच २००५-०६ या काळात कार्यान्वित झाला आणि त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. देशाच्या नाना भागांतून माणसे येथे आली. १९६९च्या सुमारास जे पंचविशीत नोकरीला लागले, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. मुले मुंबईला, पुण्याला किंवा परदेशी गेलेली. ज्यांचे गाव उठले त्यांच्याही घरांत वृद्ध आहेत. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण अनेकदा संध्याकाळी अस्वस्थ होतो आणि 'मला घरी जायचे आहे' असा धोशा लावतो. बहुतेक घरांत या वाक्याला 'हे घरच आहे' असे उत्तर देता येते. ज्यांचे घर जमिनीवरच उरलेले नाही, त्यांच्या मुलांनी काय उत्तर द्यावे?

भाषेच्या अभ्यासकांना येथे आणखी एक गोष्ट खुणावील. नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि बालपणीची उशिरापर्यंत टिकते, असे पुष्कळ द्विभाषिक रुग्णांत आढळते. या पट्ट्यात वारली, वाडवळी आणि मांगेली बोली आहेत, गुजराती आहे, आणि वसाहतीमुळे आलेल्या अनेक भाषा आहेत. चाळीस वर्षे प्रमाण मराठीत किंवा हिंदीत बोललेला माणूस एके दिवशी आपल्या आजीच्या बोलीत बोलू लागतो आणि घरातल्या नातवंडांना ती येत नाही. आजार तर परका असतोच. त्यात माणूसही परका होतो. तपासणीचीही हीच अडचण. १९७५ साली तयार झालेल्या प्रसिद्ध स्मरणचाचणीत शब्दाची अक्षरे उलट क्रमाने सांगावयास लावतात. निरक्षर माणसापुढे ती निरर्थक ठरते, म्हणून हरियाणातील बल्लभगढ येथे हिंदी चाचणी बनवताना त्याऐवजी आठवड्याचे वार उलट क्रमाने विचारले गेले. सातपाटीच्या वृद्ध मच्छीमाराला इंग्रजी तारीख विचारून काय कळणार? त्याला तिथी विचारावी, आज भरती केव्हा आहे ते विचारावे. ते चुकले, तर मात्र काळजी करावी.

नैराश्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. वृद्धांतील नैराश्य कधी स्मृतिभ्रंशाचा मुखवटा घालून येते. खचलेला माणूस 'मला काही आठवत नाही' अशी तक्रार स्वतः करतो. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण बहुधा चुका झाकतो. पहिल्यावर औषधाने आणि संवादाने उतारा पडू शकतो. जीवनसत्त्व ब-१२ची उणीव किंवा थायरॉइडचा विकार असेल तर तोही सुधारता येतो. 'म्हातारचळ' म्हणून सोडून देण्याची किंमत येथे कळते : बरे होऊ शकणारी माणसेही त्या शब्दाखाली गाडली जातात. याखेरीज हे दोन आजार एकत्रही नांदतात. कंपवाताच्या रुग्णांत तर नैराश्य वारंवार दिसते. आणि ते रुग्णापाशी थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची सुमारे ७० टक्के शुश्रूषा स्त्रिया करतात. कारखान्यातल्या तीन पाळ्यांवर चालणाऱ्या घरात रात्रपाळी करून आलेला मुलगा दिवसा झोपतो, आणि सून दिवसरात्र एकच पाळी करीत राहते. तिच्या तक्रारी शरीराच्या भाषेत येतात : अंग मोडते, झोप नाही, अन्न गोड लागत नाही. 'नैराश्य' हा छापील शब्द तिच्या तोंडी क्वचितच येतो.

मराठी साहित्याने या घराकडे कसे पाहिले? १९७० साली रंगभूमीवर आलेल्या 'नटसम्राट'ने वृद्धाच्या बेघरपणाला अजरामर रूप दिले. पण ती नैतिक शोकांतिका आहे. तीत मुले चुकतात आणि बाप भोगतो. नाटक म्हणून तिची थोरवी वादातीत आहे. परंतु पिढ्यानुपिढ्या ती पाहिलेल्या प्रेक्षकाने प्रत्येक हरवलेल्या म्हाताऱ्यामागे एक कृतघ्न मुलगा शोधावा, हा तिचा न मागितलेला वारसा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु'ने (२०१३) ही चौकट बदलली. संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक चक्रपाणि शास्त्री हत्तीच्या मागे चालत जातात आणि माहुताच्या कानडी बोलणाऱ्या बायकोच्या मायेत विसावतात. त्यांची मुलगी प्रेम आणि थकवा यांच्यामध्ये ओढली जाते, आणि चित्रपट तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करीत नाही. याच जोडीच्या 'कासव'ने नैराश्याला तोच न्याय दिला.

कायदाही दरम्यान बदलला. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत 'स्मृती' हा शब्द स्पष्टपणे घातला, शुश्रूषा करणाऱ्याची व्याख्या केली, आणि भान शाबूत असतानाच आपल्यावर पुढे कसे उपचार व्हावेत हे लिहून ठेवण्याचा अधिकार दिला. कागदावर कुटुंब अर्जदाराचे सोबती झाले. तरी २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत कंपवाताचे नाव आहे, स्मृतिभ्रंशाचे स्वतंत्रपणे नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा की साठीपुढील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. यांतील बहुतेकांची शुश्रूषा घरातच होते.

आणि घराला कुलूप आहे. बोईसरच्या मुख्य रेल्वेमार्गाच्या आसपास राहणारे कुटुंब भ्रमंतीची सवय जडलेल्या वडिलांना एकटे सोडू शकत नाही. कामावर जाताना बाहेरून कडी लावते. ज्या कुलपासाठी वेड्यांच्या इस्पितळांची निंदा झाली, ते आता घराच्या दारावर आले आहे, आणि किल्ली बहुधा एका सुनेच्या किंवा मुलीच्या कमरेला आहे. तिला कठोर म्हणणे सोपे आहे. आम्हांस वाटते, त्या दारात दोन माणसे कोंडलेली असतात. दिवसातून काही तास विश्वासाने माणूस सोपवता येईल अशी जागा बोईसरमध्ये, पालघरमध्ये, आणि प्रत्येक तालुक्यात झाली, तरच ते कुलूप निघेल. तोवर साहित्याच्या विद्यार्थ्यांनी निदान एवढे करावे : 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण पुढच्या वेळी ओठांवर आली, की क्षणभर थांबून ती कोणाच्या घराविषयी बोलते आहे, याचा विचार करावा.