पाणचक्कीचे पाणी



स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या प्राध्यापकाने चक्कीचा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. माझे म्हणणे एवढेच की, जात्यावाचून मराठी वाङ्मयाचा इतिहास सांगता येत नाही. जनाबाईला दळू लागणारा विठ्ठल आपण सर्वांनी लहानपणीच ऐकलेला असतो. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखावर गेली. पहाटेच्या अंधारात खुंटा धरणारे हात थकत, म्हणून ओठांवर ओवी येई. ज्या जात्याला हातच लागत नाहीत, ज्याच्यापाशी ओवी नाही, अशा एका जात्याविषयी मी आज बोलणार आहे. ते म्हणजे औरंगाबादची पाणचक्की. या शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. जुन्या काळाविषयी बोलताना मी त्या त्या काळचे नाव वापरीन.

हैदराबादच्या श्रोत्यांना हे स्थळ परके नाही. १७६३ मध्ये निजामअलीने राजधानी हैदराबादेस हलविली, तोपर्यंत आसफजाही दौलतीचे मुख्य ठाणे औरंगाबाद हेच होते. पुढेही १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मराठवाडा आणि हे शहर एकाच राज्यात नांदले.

चक्कीची कथा मात्र पाण्यापासून सुरू करावी लागते. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी येथे निजामशाहीची राजधानी वसविली. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी पुरुष दक्षिणेत येऊन वजीर झाला आणि मोगलांशी झुंजला, हे आपण जाणतोच. खडकी या नावातच गावाची अडचण सांगितलेली आहे. खडकाळ जमीन, आणि खाम नदीचे पाणी बेभरवशाचे. अंबरने उत्तरेकडील डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेले पाणी शोधले आणि भूमिगत मार्गाने गावात आणले. ही योजना ऐकून त्याचे मंत्री हसले होते, अशी आख्यायिका आहे. त्याच सुमारास बऱ्हाणपुरातही भूमिगत कुंड्यांची मालिका खोदून शहराला पाणी दिले जात होते. त्या काळच्या दख्खनला ही विद्या चांगली अवगत होती. अंबरी नहरीनंतर शहरात आणखी नहरी झाल्या. त्यांतलीच एक पाणचक्कीची.

ती ज्यांच्यासाठी बांधली ते बाबा शाह मुसाफिर. नक्शबंदी पंथाचे हे सूफी मध्य आशियातून, बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवानहून आले. त्यांचे गुरू बाबा पलंगपोश हे निजामाच्या वडिलांच्या, म्हणजे गाजीउद्दीनखान फिरोजजंगाच्या, लष्करासोबत असत. खाम नदीच्या काठी, तटाबाहेर मुसाफिरांचा तकिया होता. वाटसरू, फकीर, नोकरीच्या शोधात तुराणातून आलेले शिपाई तेथे उतरत. या गुरुशिष्यांच्या आठवणी शाह महमूद या शिष्याने फारसीत लिहून ठेवल्या. सायमन डिग्बी यांनी २००१ मध्ये त्यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. ते मुद्दाम वाचावे. संतचरित्र म्हणून वाचायला घ्यावे, तर हाती लष्करी छावणीचा इतिहास लागतो.

चक्कीच्या काळाविषयी दोन सन सांगितले जातात. गॅझेटियर म्हणते, १६९५ मध्ये निजाम-उल-मुल्क आसफजाहच्या पदरच्या तुर्कताजखानाने ती बांधली. दुसरीकडे १७४४ हा सन रूढ आहे. माझा कौल दुसऱ्या सनाला. निजाम-उल-मुल्क हा किताब १७१३ चा आणि आसफजाह हा १७२५ चा. १६९५ मध्ये त्या सरदाराला यांतला एकही किताब मिळालेला नव्हता. शिवाय तकियाला पक्क्या इमारती, हौद आणि चक्की यांचे वैभव आले, ते मुसाफिरांच्या १७१५ मधील निधनानंतर आणि शाह महमूदांच्या कारकिर्दीत, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

आता तिची रचना पाहू. डोंगराकडचे पाणी मातीच्या नळांतून काही कोस येते. वाटेत ठिकठिकाणी चुनेगच्ची उंच खांब आहेत. त्यांतून नळात कोंडलेली हवा बाहेर पडते आणि पाण्याचा दाब आवरला जातो. शेवटी पाणी एका उंच भिंतीवर चढते आणि तेथून हौदात धबधब्यासारखे कोसळते. आपल्याच उगमाच्या उंचीच्या बळावर ते चढते. पंप नाही, मोट नाही, बैल नाही. चक्कीच्या खोलीखाली आडवे बसविलेले पात्यांचे लोखंडी चक्र आहे. पाण्याचा झोत पात्यांवर आदळला की चक्र फिरते, चक्रात रोवलेला उभा दांडा फिरतो आणि त्या दांड्याबरोबर जात्याची वरची तळी फिरू लागते. खालची तळी स्थिर. मध्ये दातेरी चाके मुळीच नाहीत. चक्राचा एक फेरा म्हणजे तळीचा एक फेरा. आपल्या घरच्या जात्यात आणि या चक्कीत फरक तो एवढाच, की खुंट्याची जागा दांड्याने घेतली आहे आणि हाताची पाण्याने. दळलेले पीठ यात्रेकरूंच्या, शिष्यांच्या आणि शिपायांच्या भाकरीला जाई.

समोरच्या मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे. जाड खांबांवर पेललेल्या त्या दालनाच्या डोक्यावर पाणी असल्याने मे महिन्यातही आत गारवा असतो. एकाच पाण्याने दळण करावे, डोळा निववावा आणि घरही थंड ठेवावे, ही काटकसर मला त्या फिरत्या तळीहूनही थोर वाटते.

जतनाचा प्रश्न इथेच उभा राहतो. स्थळ सुस्थितीत आहे, वक्फ मंडळाचे कार्यालयही त्याच आवारात आहे आणि पर्यटक रोज येतात. पण त्यांच्यापैकी बहुतेक जण चक्की पाहतात, छायाचित्र घेतात आणि परततात. ते पाणी कोठून आले, हे फारसे कोणी विचारत नाही. नहर जमिनीखाली असल्यामुळे तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. तिच्या वाटेवर वस्ती वाढली, नळ फुटले, खांब ढासळले. उद्या त्या भिंतीवर टाकीतले पाणी पंपाने चढवून धबधबा पाडता येईल, चक्रही फिरवता येईल आणि पाहणाऱ्याला फरक कळणार नाही. माझी हरकत नेमकी त्यालाच आहे. तसे झाले तर पाणी चक्कीला फिरवणार नाही, वीज पाण्याला फिरवील. इमारतीचे दगड राखणे सोपे असते, कारण ते एका आवारात असतात. नहर राखायची तर शेतकरी, घरमालक, महापालिका आणि पुरातत्त्व खाते या सर्वांना एकत्र बसावे लागते. म्हणूनच ते काम पुढे पुढे ढकलले जाते.

घरच्या जात्याला तरी टाकी लावायला पाथरवट दारावर येई; दाते गुळगुळीत झाले की धान्य दळले जात नाही, नुसते भरडले जाते, हे बाईला कळे. नहरीचे नळ फुटले की गळती कोठे आहे, हे ओळखणारे कारागीरही असेच असत. त्यांचे हात आज कोठे आहेत, याची चौकशी दगडांच्या डागडुजीआधी व्हावी.

या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी अभियंते आहेत. त्यांच्यापैकी दोघा-चौघांनी एका उन्हाळ्यात जावे. उगमापासून भिंतीपर्यंत नहर पायी चालून तिची मोजणी करावी, उभे राहिलेले खांब आणि पडलेले खांब नकाशावर वेगवेगळ्या खुणांनी दाखवावेत, आणि त्या नकाशाची एक प्रत चक्कीच्या खोलीत, तळीच्या शेजारी भिंतीवर लावावी.