गोवा पावडर

आजच्या भाषणाचा आरंभ मी माझ्याच एका चुकीपासून करणार आहें.

पुष्कळ वर्षांपूर्वीं, उपनगरांतील एका शाळेंत मी शिकवीत असतां, माझ्या वर्गांतील एका मुलाच्या कोपरांवर लाल, खवल्यांचे चट्टे उठले. हा नायटाच, असें गृहीत धरून मीं त्याला शेवटच्या बांकावर एकटें बसविलें. पुढें त्याच्या वडिलांनीं डॉक्टरांची चिठ्ठी आणून दाखविली. रोग सोरायसिस होता. म्हणजे त्वचेचा दाहयुक्त विकार, स्पर्शानें मुळींच न पसरणारा. मुलगा आपल्या जागीं परत आला; पण पूर्वीसारखा हात वर करीनासा झाला.

या रोगाच्या एका औषधाचा इतिहासहि अशाच चुकीपासून सुरू होतो, आणि त्या औषधाला आपल्या गोव्याचें नांव आहे.

एकोणिसाव्या शतकांत मुंबईंत नायट्यावर ‘गोवा पावडर’ नांवाची पिवळसर भुकटी विकली जाई. मुंबईंतील औषधविक्रेते केम्प यांनीं १८६४ सालीं तिच्याविषयीं लिहिलें. परंतु ती कोठली, हें कोडेंच होतें. सुमारें दहा वर्षांनीं ब्राझीलमधील बाहिया येथील डॉक्टर दा सिल्वा लिमा यांनीं तें उलगडलें. ती त्यांच्याकडील अरारोबा वृक्षाच्या खोडांतील भेगांत सांठणारी भुकटी होती. पोर्तुगीज व्यापाराच्या वाटेनें ती गोव्यास येई. गोवा तिचें जन्मस्थान नव्हे, केवळ बंदर होतें.

१८७६ च्या सुमारास लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मानो स्क्वायर यांना एक रोगी आढळला. आपल्याला नायटा झाला आहे, अशा समजुतीनें तो ही भुकटी लावी. चट्टे गेले, पण रोग सोरायसिस होता! मग तिचें मलम सर्वत्र वापरांत आलें. तें त्वचेला झोंबे, कपड्यांवर डाग पाडी. शिवाय भुकटीसाठीं झाड तोडावें लागे. पहिल्या महायुद्धांत जर्मनीस होणारा पुरवठा तुटला, तेव्हां १९१६ सालीं तेथील उन्ना आणि गालेव्स्की या वैद्यांनीं कारखान्यांत बनविलेलें तत्सम द्रव्य, डायथ्रॅनॉल, प्रचारांत आणलें.

झाड तोडणें आणि रसायन बनविणें यांखेरीज तिसरा मार्गहि आहे: वनस्पतीच्या पेशीच पात्रांत वाढविणें. ही कल्पना हाबरलांट या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानें १९०२ सालीं मांडली. १९८३ सालीं जपानांत ती बाजारापर्यंत पोंचली. तेथील जुन्या मलमांत पडणाऱ्या एका मुळींतील तांबडें द्रव्य, शिकोनिन, पेशींकडून तयार करविण्यांत आलें. मुळीला ज्यासाठीं वर्षें लागत, तें पेशींनीं कांहीं आठवड्यांत साधलें. आज असे पेशी-अर्क त्वचेच्या मलमांत येऊं लागले आहेत.

पुरवठ्याचा प्रश्न यानें सुटेल, जंगलहि वांचेल. परंतु अर्क प्रयोगशाळेंतला आहे, एवढ्यावरून तो गुणकारी ठरत नाहीं. तें रोग्यांवरील रीतसर चाचणीनेंच ठरावयाचें. स्क्वायर यांचा रोगी सुदैवी होता; चुकीच्या निदानानेंहि त्याला गुण आला. माझ्या विद्यार्थ्याला मात्र माझें निदान भोंवलें. म्हणून विनंति एवढीच, कीं कोणाच्या अंगावर चट्टे दिसले, तर त्याला बांकावरून उठविण्यापूर्वीं डॉक्टरांना विचारावें.