शनवार तेल्यांच्या घरची शाळा

इतिहास शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते. कोणतीही गोष्ट पुढे आली की तो आधी कागद मागतो. शिलालेख दाखवा, ताम्रपट दाखवा, निदान एखादी सनद तरी दाखवा, असे म्हणण्याची त्याला सवयच जडलेली असते. ही खोड एकदा मला भर वर्गात नडली. कोकणातल्या बेने इस्रायल लोकांविषयी मी सांगत होतो. शतकानुशतके या लोकांपाशी त्यांचा धर्मग्रंथ नव्हता, हिब्रू जाणणारा गुरू नव्हता, प्रार्थनामंदिरही नव्हते, असे मी म्हणालो. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, मग यांचा धर्म होता तरी कुठं?" वर्ग हसला. मीही हसलो, आणि घंटा झाली म्हणून सुटलो. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. आज त्याचेच उत्तर आपल्यापुढे मांडायचे आहे.

प्रथम हे लोक कोण ते पाहू. त्यांची परंपरा अशी सांगते की, फार प्राचीन काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. समुद्राने परत दिलेली प्रेते त्यांनी तिथेच पुरली. ती जागा आजही दाखवतात. हे नेमके कधी घडले हे कागदाने सिद्ध होत नाही. त्यांचा जुन्यात जुना लेखी उल्लेख मिळतो तो १७३८ सालच्या एका मिशनऱ्याच्या पत्रात. त्याआधीचा सगळा काळ केवळ आठवणींवर उभा आहे.

हे लोक कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, गावोगाव पांगले. ज्या गावात राहिले त्याचे नाव त्यांनी आडनाव म्हणून घेतले. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, दिव्याचे दिवेकर, अष्टमीचे अष्टमकर. मोशेचा मुसाजी झाला, अब्राहामचा अब्राजी झाला. बोलणे मराठी, लुगडे मराठी, घराची ओसरी मराठी. धंदा तेलाच्या घाण्याचा. मात्र शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा घाणा थांबे, तो शनिवारी सूर्य मावळेपर्यंत फिरत नसे. त्या दिवशी चूल पेटत नसे, बैलालाही जू नसे. शेजाऱ्यांना याचे कारण ठाऊक नव्हते, पण रिवाज दिसत होता. म्हणून त्यांनी या लोकांना शनवार तेली असे नाव दिले. कागद मागणाऱ्या इतिहासकाराने येथे थोडे थांबावे. एका समाजाने आपला शब्बाथ पाळला याची साक्ष दुसऱ्या समाजाने ठेवलेल्या नावात राहून गेली. याहून चांगला दस्तऐवज कोणता हवा?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. धर्म होता तरी कुठे? माझे उत्तर असे की तो घरात होता, आणि त्यातही बराचसा स्वयंपाकघरात होता. या घरातला मुलगा आठव्या दिवशी सुंता होऊन समाजात येई. मुलगी आईजवळ बसून मासळी निवडायला शिके. ज्या माशाला खवले आणि पर दोन्ही आहेत तो घ्यायचा, बाकीचा टाकायचा. मटणाच्या रश्शाला दाटपणा आणायचा तो नारळाच्या दुधाने, कारण मांस आणि जनावराचे दूध एका भांड्यात येऊ द्यायचे नाही. नव्या वर्षाला चिकाचा हलवा करायचा, तोही नारळाच्या दुधातला. शब्बाथला द्राक्षासव नसेल तर मनुका भिजवून त्यांचे सरबत काढायचे. हे सारे कोणत्या ग्रंथातल्या कोणत्या अध्यायात सांगितले आहे, हे त्या आईला ठाऊक नव्हते. विचारले असते तर ती म्हणाली असती, "आमच्यात असंच करतात." एवढ्या तीन शब्दांवर तिचा सारा अभ्यासक्रम चालला होता.

सणांची नावे पाहा. वर्षारंभाला ते नव्याचा सण म्हणत. प्रायश्चित्ताच्या दिवसाला दारफळणीचा सण म्हणत, कारण त्या दिवशी दारे लावून घरात उपास करून राहायचे. वल्हांडणाला अनशी ढाकायचा सण म्हणत, कारण आंबटाचे मडके त्या दिवसांत झाकून ठेवायचे. मिसर देशातून सुटका झाली तेव्हा पूर्वजांनी बेखमीर भाकर खाल्ली, ही कथा पुसट झाली होती, पण आंबवलेले वर्ज्य ही खूण मडक्याच्या झाकणापाशी शिल्लक होती. मंदिराच्या विध्वंसाच्या शोकदिवशी वालाचे बिरडे खात, म्हणून तो बिरड्याचा सण. हानुक्का मात्र त्यांना माहीत नव्हता. हानुक्का ज्या प्रसंगाची आठवण आहे तो ख्रिस्तपूर्व १६४ मधला. आमचे पूर्वज त्याआधीच निघाले असले पाहिजेत, असा युक्तिवाद या समाजातल्या लेखकांनी यावरून केला. तो सर्वांना पटेलच असे नाही. पण घरातल्या सणांच्या यादीवरून कालनिर्णय करावा लागावा, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे.

आणि एक वाक्य त्यांनी जपले होते. त्याला शेमा म्हणतात. देव एकच आहे अशी ग्वाही देणारे ते हिब्रू वचन. सुंतेला तेच, लग्नाला तेच, मरणाऱ्याच्या उशाशीही तेच. इतर प्रार्थना विसरल्या होत्या. गंमत अशी, की बायबलात या वचनाच्या लगेच पुढे एक आज्ञा आहे. हे शब्द मुलांना शिकवा, घरात बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना त्यांविषयी बोला, अशा अर्थाची. पुढची आज्ञा हरवली होती, पण हे लोक तिच्याप्रमाणे वागतच होते.

पुढे बाहेरचा गुरू आला. त्याचे नाव दाऊद राहबी. परंपरेने त्याला फार मागे नेले आहे. पुष्कळ अभ्यासक त्याचा संबंध अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहबी घराण्याशी लावतात. गोष्ट अशी सांगतात की, हे खरोखर आपलेच लोक आहेत की नाहीत याची त्याला शंका होती. त्याने परीक्षा घ्यायची ठरवली. पण परीक्षा पुरुषांची घेतली नाही, प्रार्थना म्हणून दाखवा असेही म्हटले नाही. त्याने बायकांपुढे निरनिराळी मासळी टाकली आणि रांधायला सांगितले. बायकांनी खवल्यांची आणि परांची मासळी तेवढी घेतली आणि उरलेली बाजूला सारली. राहबीची खात्री पटली. ही कथा घडली तशीच घडली का, हे मी सांगू शकणार नाही. परंतु समाजाने स्वतःविषयी कोणती कथा जपून ठेवली, यालाही इतिहासात मोल असते. आमची ओळख आमच्या आयांनी पटवली, असे हा समाज पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला आहे.

एकोणिसाव्या शतकात ग्रंथ आला, आणि तो अनपेक्षित हातांनी आला. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले होते. स्कॉटलंडचे डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये आले. या मंडळींनी बेने इस्रायल मुलांसाठी शाळा उघडल्या, बायबल मराठीत वाचायला दिले, आणि विल्सनसाहेबांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. हेतू उघड होता. ज्या मसीहाची यहुदी वाट पाहत आहेत तो येशूच्या रूपाने येऊन गेला, हे या लोकांना पटावे अशी त्यांची इच्छा होती. कोचीनच्या यहुदी घराण्यात जन्मून ख्रिस्ती झालेले मायकेल सार्जन नावाचे गृहस्थही १८२० च्या दशकात याच कामासाठी मुंबईस आले.

मग झाले काय? मुले शाळेत गेली, शिकली, आणि संध्याकाळी घरी परत आली. आई रोज जे करते त्याचे कारण त्यांना पुस्तकात सापडू लागले. मासळीचा नियम सापडला, मडक्याच्या झाकणाचा अर्थ सापडला, शेमाच्या पुढची ओळ सापडली. मिशनऱ्यांनी दिलेला ग्रंथ त्यांनी कृतज्ञतेने घेतला. डॉ. विल्सन यांच्याविषयी या समाजात पुढेही आदरच राहिला. पण धर्मांतर केले ते फार थोड्यांनी. पुस्तक हाती येण्याआधी घराने मुलांना घडवलेले होते. त्यामुळे पुस्तकाने घर मोडले नाही, उलट त्याला आधार दिला.

पुढची वाटचाल सर्वश्रुत आहे. मुंबईत समाजी हसाजी दिवेकर या कंपनी सरकारच्या फौजेतल्या अंमलदाराने १७९६ मध्येच पहिले प्रार्थनामंदिर बांधले होते. अलिबागच्या इस्रायल आळीत १८४८ मध्ये मंदिर झाले. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाची पोथी, म्हणजे हग्गादा, हिब्रू आणि मराठीत छापली गेली. तिच्यातल्या चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका आपल्याकडच्या लुगड्यात आहेत. १८८० च्या सुमारास याच लोकांनी आपल्या कीर्तनपद्धतीत अब्राहाम आणि मोशे यांची आख्याने लावली. हाईम सॅम्युअल किहीमकर यांनी समाजाची शाळा उभारली, आणि १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो छापून निघाला मात्र १९३७ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर.

येथवर ऐकून आपल्याला वाटेल की घरची शाळा सर्वगुणसंपन्न असते. तसे म्हणणे इतिहासाला सोडून होईल. घर जसे चांगले शिकवते तसे वाईटही शिकवते. याच समाजात गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता. बाहेरच्या स्त्रीशी झालेल्या संबंधातून ज्यांचा वंश आला असे मानत, त्यांच्याशी रोटीबेटी टाळत. विधवेने पुन्हा लग्न करू नये ही शेजारची रीतही या घरांनी उचलली होती. तीही पाठ्यक्रमातच होती.

शिवाय घराला जे ठाऊक नव्हते त्याची किंमत पुढे मोजावी लागली. १९४८ मध्ये इस्रायलचे राज्य झाले. त्या सुमारास भारतात बेने इस्रायल वीस हजारांच्या आसपास होते. पुष्कळ कुटुंबे तिकडे गेली. १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहांबद्दल शंका काढली. तुमच्या पूर्वजांना घटस्फोटाचे आणि विवाहाचे शास्त्रोक्त नियम माहीत नव्हते, तेव्हा लग्नाआधी वंशाची चौकशी होईल, असे फर्मान निघाले. ज्यांनी ग्रंथावाचून धर्म राखला त्यांना आता ग्रंथावाचून राहिल्याबद्दल जाब विचारला जात होता! लोक चिडले, जेरुसलेममध्ये निषेध झाले. अखेर १९६४ मध्ये इस्रायल सरकारने हा समाज सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. कोकणातल्या परीक्षेत राहबीने मासळी पुढे टाकली होती. या परीक्षेत शास्त्र पुढे टाकले गेले, आणि ती अधिक अवघड ठरली.

आज हे सगळे आठवण्याचे आणखी एक कारण आहे. अमेरिकेत मसीहावादी म्हणवणारी काही कुटुंबे आहेत. ती येशूला मसीहा मानतात आणि त्याच वेळी शनिवारचा शब्बाथ, वल्हांडण वगैरे यहुदी सण पाळतात. बहुतेक यहुदी त्यांना आपल्यात धरत नाहीत, आणि पुष्कळ ख्रिस्ती लोकांनाही ती वेगळीच वाटतात. त्यांतली काही आपल्या मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतात. तिथल्या सर्व राज्यांत १९९३ पर्यंत अशा गृहशिक्षणाला कायद्याची वाट मोकळी झाली. या आईबापांना कोणी आधार विचारला, तर शेमानंतरची तीच आज्ञा ती दाखवतात. त्यांच्यापाशी ग्रंथ आहे, छापील पाठ आहेत, आणि शाळेचा मार्ग उघडा असताना त्यांनी घर निवडले आहे. आपल्या शनवार तेल्यांना निवड नव्हती. दोघांची श्रद्धा वेगळी, काळ वेगळा, कारणेही वेगळी. पण प्रश्न एकच आहे. आपल्याला जे मोलाचे वाटते ते मुलापर्यंत पोचवायचे ते सांगून पोचते, की रोज करून पोचते? कोकणचा इतिहास दुसऱ्या बाजूने साक्ष देतो. आणि तोच इतिहास हेही बजावतो की घराच्या भिंतींना खिडकी हवी. पुस्तक बाहेरून आले तेव्हाच आईच्या हातातल्या रिवाजाला अर्थ मिळाला.

आता अलिबाग, रेवदंडा, पेण येथली या समाजाची बरीच घरे कुलूपबंद आहेत. भारतात उरलेले बेने इस्रायल काही हजारच आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, ते योग्यच झाले. पण घराची शाळा दर्जावर चालत नाही, ती माणसांवर चालते. अजून एलियाहू हन्नाबीचा नवस फेडताना मलिद्याचे ताट भरले जाते. पोहे, खोबरे, साखर आणि वर फळे. इस्रायलमध्ये लोद आणि बीरशेबा येथल्या घरांतूनही ते भरले जाते, आणि ताटाभोवती बसलेल्या आजीच्या तोंडी मराठी असते.

त्या मुलाला मी पुढच्या तासाला उत्तर दिले. म्हटलं, "अरे, तू काल घरी जेवलास ना? काय जेवलास, आणि काय जेवला नाहीस, हे आईला विचार. तुझाही धर्म बराचसा तिथंच सापडेल." वर्ग पुन्हा हसला. तो मुलगा मात्र हसला नाही, वहीत काहीतरी लिहून घेत होता.