शिडांचा काळ आणि अरबी समुद्रातील देवमासे

रत्नागिरीच्या मत्स्यसंग्रहालयात देवमाशाचा एक भव्य सांगाडा मांडून ठेवलेला आहे. लांबी सुमारे ५५ फूट. त्या बरगड्यांच्या कमानीसमोर उभा राहणारा पाहुणा एक प्रश्न हमखास विचारतो : आपल्या दर्यावर्दींनी कधी देवमाशाची शिकार केली होती काय? उत्तर 'नाही' असे आहे. आणि त्या 'नाही'पाठोपाठ बहुधा एक अभिमानाचे वाक्यही येते, की ज्याच्या नावातच 'देव' आहे त्याच्यावर आमचे लोक भाला कसा उगारतील? वाक्य कानाला गोड लागते. परंतु इतिहासाला तेवढ्यावर समाधान मानता येत नाही.

कोकणच्या दर्यावर्दींना धाडस कमी होते असे कोणी म्हणणार नाही. आंग्र्यांच्या गुराबांनी आणि गलबतांनी युरोपीय जहाजांशी झुंज घेतली होती. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग येथून निघणाऱ्या फत्तेमाऱ्या एका बाजूला मुंबईपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला मलबारपर्यंत शिडावर जात-येत असत. मग देवमाशाच्या शिकारीचा धंदा येथे का उभा राहिला नाही? माझ्या मते श्रद्धेपेक्षा गरजेचा अभाव हे त्याचे मोठे कारण आहे. देवमासा मारला जाई तो मुख्यतः तेलासाठी, आणि कोकणात तेलाला तोटा नव्हता. नारळ परसात होता; उंडी आणि करंज रानात होते. समईत खोबरेल आणि गोठ्यातल्या दिव्यात कडू तेल जळत असताना, जिवावर उदार होऊन समुद्रातून तेल आणण्याची कोणाला निकड वाटणार? शिवाय आपल्या किनाऱ्यासमोरचा समुद्रतळ फार दूरवर उथळ आहे, आणि सर्वांत मौल्यवान तेल देणारा स्पर्म व्हेल शेकडो वाव खोल पाण्यात राहतो. आगोट लागली की होड्या चार महिने शाकारून ठेवायच्या. ज्या कोळ्याचे पोट डोळ जाळ्यावर आणि रापणीवर भरत होते, त्याने त्या खोलीकडे पाठ फिरवली तर नवल नाही.

तरीही अरबी समुद्रातील देवमासा माणसाला अपरिचित नव्हता. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस ख्रिस्तपूर्व ३२५ मध्ये सिंधू नदीच्या मुखातून निघून मकरानच्या किनाऱ्याने पश्चिमेकडे जात होता. समोर पाण्याचे उंच फवारे उडताना पाहून त्याच्या वल्हेकऱ्यांच्या हातांतील वल्ही गळून पडली. तेव्हा निआर्कसने जहाजांची युद्धासारखी फळी रचली आणि आरोळ्या ठोकत, तुताऱ्या फुंकत ती थेट त्या प्राण्यांवर घातली. देवमासे शांतपणे बुडी मारून मागच्या बाजूस वर आले. त्याच किनाऱ्यावरील मत्स्याहारी लोक देवमाशाच्या हाडांची घरे बांधतात, असेही त्याने नमूद केले आहे.

पुढे तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोच्या वृत्तान्तात सोकोत्रा बेटाचे वर्णन येते. आपल्या वाचकांना ते विशेष वाटेल, कारण हे बेटवासी ख्रिस्ती होते आणि त्यांच्या महागुरूंचा संबंध बगदादच्या धर्मपीठाशी होता. हेच लोक खारवलेल्या माशांचे आमिष टाकून देवमाशाला जवळ आणतात, त्याच्या डोक्यात लोखंडी काटा ठोकतात आणि त्याच्यापासून अंबर व तेल मिळवतात, असे तेथे सांगितले आहे. मार्को पोलोच्या सर्वच गोष्टी पारखून घ्याव्या लागतात. ही त्याने ऐकीव माहितीवर लिहिली असावी. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्याला येताना या बेटावर उतरले होते. तेथील ख्रिस्ती परंपरा तोवर पार क्षीण झाली होती.

शिडाच्या जहाजांनी केलेल्या शिकारीचा खरा जोर दिसला तो मात्र एकोणिसाव्या शतकात, आणि तिचे सूत्रधार होते अमेरिकेतील नॅन्टकेट व न्यू बेडफर्ड या बंदरांचे लोक. १८४६ च्या सुमारास सातशेहून अधिक अमेरिकन जहाजे या धंद्यात होती. सफर तीन-चार वर्षांची असे. डोलकाठीच्या टोकावरील टेहळ्याला फवारा दिसला की सहा माणसांची होडी पाण्यात सोडली जाई. नाळेवरचा माणूस हार्पून, म्हणजे दोरी बांधलेला काटेरी भाला, फेकत असे. त्याने प्राणी मरत नसे, फक्त होडीशी जखडला जाई. मग तो होडी मैलोगणती फरपटत नेई, आणि दमला की लांब भाल्याने त्याच्या वर्मी घाव घालीत. प्रेत जहाजाच्या कुशीला बांधून चरबीचे पट्टे सोलायचे, आणि डेकवरच विटांच्या भट्टीवर मोठमोठ्या कढयांत ती कढवायची. जळण म्हणून वापरीत ती कढलेल्या चरबीचीच चिपाडे. देवमासा स्वतःच्याच आचेवर शिजे. खलाशाला पगार नसे. मिळकतीत वाटा असे, आणि नवख्याचा वाटा दीडशेवा-दोनशेवा हिस्सा इतका किरकोळ, की कित्येकजण चार वर्षांनी कर्ज घेऊनच घरी परतत. हर्मन मेल्विल अशाच एका जहाजावर १८४१ साली चढला होता. त्याच्या 'मोबी डिक' या कादंबरीत सफरीपूर्वी योनाच्या गोष्टीवर दिले गेलेले प्रवचन आहे.

या जहाजांवर अझोर्स बेटांवरचे पोर्तुगीज भाषक कॅथोलिक मोठ्या संख्येने असत. वाटेत तेथे अन्नपाणी भरायचे आणि तरणीताठी माणसेही उचलायची, हा कप्तानांचा शिरस्ताच होता. त्यांतील अनेकजण न्यू बेडफर्डमध्ये स्थायिक झाले आणि १८७१ मध्ये तेथे त्यांचे स्वतंत्र धर्मग्राम स्थापन झाले. खुद्द अझोर्समध्ये शिडाच्या आणि वल्ह्यांच्या होड्यांतून होणारी शिकार १९८० च्या दशकापर्यंत चालू होती.

या तांड्यांनी अरबी समुद्रही सोडला नाही. अमेरिकेने १८३३ मध्ये मस्कतच्या सुलतानाशी करार केला होता आणि झांजिबार बंदरात अमेरिकन शिडे दिसू लागली होती. ओमानच्या किनाऱ्यासमोर त्यांनी स्पर्म व्हेल आणि कुबड्या देवमासे, म्हणजेच हंपबॅक, मारले. चार्ल्स टाउनसेंड यांनी १९३५ साली जुन्या रोजनिशा चाळून ५० हजारांहून अधिक शिकारींच्या जागा नकाशावर ठिपक्यांनी दाखवल्या. अरबस्तानाजवळचा समुद्र त्या नकाशांतून सुटलेला नाही. रत्नागिरीची फत्तेमारी खोबरे आणि कौले वाहत किनाऱ्याकिनाऱ्याने जात होती त्या काळात याच समुद्राच्या दुसऱ्या काठाला भट्ट्या पेटत होत्या.

१८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली आणि या धंद्याला ओहोटी लागली. त्याच तेलाने पुढे आपल्या कंदिलांतूनही खोबरेलाला हाकलले. इंग्रजीतील 'रॉक ऑइल'चे आपण 'रॉकेल' केले. १९२४ साली 'वाँडरर' हे न्यू बेडफर्डचे शिडाचे जहाज सफरीस निघताच वादळात फुटले, आणि एक युग जवळजवळ संपले.

रॉकेलने देवमाशांना वाचवले, असे पुष्कळदा लिहिले जाते. मला ते पटत नाही. शीड गेले, वाफ आली. नॉर्वेच्या स्वेंड फॉइनने स्फोटक हार्पूनची तोफ आणली. आणि विसाव्या शतकातील संहारापुढे शिडांचा काळ फिका पडला. आपल्या समुद्रातील सर्वांत मोठा घाव तर १९६६ चा आहे. त्या नोव्हेंबरात सोव्हिएत कारखाना-जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारत यांच्यासमोर २३८ कुबडे देवमासे बेकायदा मारले. हे तीस वर्षांनी उघडकीस आले. ज्या शास्त्रज्ञाने ते मांडले, त्या मिखालेव्ह यांनी त्याच नोंदींतून एक शोधही हाती दिला : मेलेल्या माद्यांच्या पोटातील गर्भांची वाढ उत्तर गोलार्धातील ऋतुचक्राशी जुळत होती. म्हणजे हे प्राणी दक्षिणेतून आलेले पाहुणे नव्हते, अरबी समुद्राचेच रहिवासी होते. जगातील इतर कुबडे देवमासे अन्नासाठी ध्रुवाकडे जातात. यांना नैर्ऋत्य मोसमी वारा खोलातले पोषक पाणी वर आणून येथेच भरवतो. सुमारे ७० हजार वर्षे ते इतरांपासून वेगळे राहिले आहेत, असे जनुकीय अभ्यास सांगतो. ज्या पावसाळी वाऱ्याने आमच्या होड्या शाकारून ठेवल्या, त्याच वाऱ्यावर यांचा निर्वाह चालतो. ओमानच्या पाण्यात केलेल्या गणनेत ते शंभराच्या आतच भरले.

१९७९ साली हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयक्षेत्र जाहीर झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचे एक पिल्लू अडकले, तेव्हा गावकरी, वनखाते आणि मच्छीमार सुमारे ४० तास त्याच्यावर पाणी ओतत, त्याला ओढत, भरतीची वाट पाहत राबले. अखेरीस ते खोल पाण्यात नेऊन सोडले. एकदोन दिवसांनी त्याचे प्रेत किनाऱ्याला लागले.

त्याआधी, २०१७ च्या अखेरीस, ओमानमध्ये एका कुबड्या मादीच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवण्यात आले होते. तिचे नाव ठेवले होते 'लुबान', म्हणजे आपला धुपाचा लोबान. ती सरळ पूर्वेकडे निघाली, अख्खा अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, तेथून किनाऱ्याने कन्याकुमारीपर्यंत उतरली आणि पुन्हा ओमानला परतली. गोव्यासमोर ती पोहोचली तेव्हा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरापासून ती फार तर दोन दिवसांच्या वाटेवर होती.