तऱ्हेवाईक आणि विक्षिप्त

लखनौच्या चारबाग स्थानकावर हिंदी वर्तमानपत्र घेतलं, की आतल्या पानांत ‘विक्षिप्त’ हा शब्द भेटू शकतो. मराठी वाचक तिथे अडखळतो. आपल्याकडे विक्षिप्त म्हणजे चमत्कारिक स्वभावाचा. हिंदीत मात्र सरळ वेडा.

मूळ धातू ‘क्षिप्’, म्हणजे फेकणे. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी सांगितल्या आहेत: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध. तिथला विक्षिप्त क्षिप्तापेक्षा बरा. त्याचं चित्त अधूनमधून स्थिरावतं.

आपला ‘तऱ्हेवाईक’ आला ‘तऱ्हा’वरून. ती फारसीमार्गे आलेली अरबी ‘तर्ह’. गंमत म्हणजे तिच्याही मुळाशी फेकणंच आहे! पुढे अर्थ झाला आखणी, रीत. चारबाग हीदेखील बागेची एक तऱ्हाच: चार भागांची फारसी आखणी. ठरवून दिलेल्या ओळीवर गझला रचायच्या, तो ‘तरही मुशायरा’.

मानसोपचारात विचित्र वागण्याशी जोडलेले तीन व्यक्तिमत्त्वविकार एका गटात धरतात: संशयी (पॅरानॉइड), अलिप्त (स्किझॉइड) आणि स्किझोटायपल. तिसऱ्यात चमत्कारिक समजुती, विचित्र बोलणं आणि जवळच्या नात्यांत अवघडलेपण असतं. हे नाव अमेरिकी वर्गीकरणात 1980 साली आलं. जागतिक आरोग्य संघटना मात्र हा विकार स्किझोफ्रेनियाच्या कुळात मोजते.

नुसता तऱ्हेवाईकपणा हा विकार नव्हे. वर्षानुवर्षं टिकून तो नाती, काम बिघडवू लागला, तरच निदानाचा प्रश्न येतो. ते काम तज्ज्ञांचं. आपण शब्द जपून फेकावेत.