पगार होईपर्यंत

श्रोतेहो, महिन्याची वीस तारीख उलटली म्हणजे अनेक घरांत एकच प्रश्न उभा राहतो. पिठाचा डबा तळाला गेलेला असतो, मुलाची फी भरायची असते, एखादे दुखणे दारात आलेले असते, आणि पगाराला अजून दहा दिवस असतात. रक्कम काही मोठी नसते. पण तेवढ्यासाठी कुणाचा तरी उंबरठा चढावा लागतो. शेजारी हातउसने देतो, वाणी वहीवर मांडतो, सावकार आधी व्याज सांगतो आणि मग पैसे काढतो. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिलाही काही इतिहास आहे हे ध्यानातच येत नाही. तो आज थोडा उलगडून पाहू.

शेतकऱ्याचे कर्ज आपल्याला ठाऊक आहे. ते हंगामाचे कर्ज. पेरणीला काढायचे, सुगीला फेडायचे. आणि पाऊस फसला की खतावर खत चढायचे. त्याचा कडेलोट 1875 साली झाला. त्या वर्षी 12 मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांचा रोख मुख्यतः खतांवर आणि रोख्यांवर होता. ते कागद त्यांनी जाळले. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले, सरकारने चौकशी नेमली आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला.

पण त्याच सुमारास दुसऱ्या एका कर्जाचा जन्म होत होता. 1856 साली मुंबईत पहिली सुती गिरणी सुरू झाली, आणि पुढच्या काही दशकांत कोकणातून व घाटावरून हजारो माणसे गिरणगावात आली. गावाकडे बलुतेदाराला खळ्यावर धान्य मिळे. इथे मोबदला रोख, आणि तोही महिन्याने. महिना भरला की लगेच पैसा हाती पडे असेही नाही. जानेवारीचा पगार फेब्रुवारीच्या मध्यावर व्हायचा. म्हणजे एक जानेवारीला कामावर लागलेल्या माणसाच्या हाती पहिला पैसा पडायला सहा आठवडे लागत. आता तुम्हीच सांगा, या सहा आठवड्यांत त्याने खावे काय?

तो खाई उधारीवर. खोलीत दहाबारा माणसे एकत्र राहत आणि जेवत एखाद्या बाईच्या खानावळीत. पैसे पगाराच्या दिवशी. ती बाई धान्य आणी वाण्याकडून, उधार. वाणी भाव लावी आपल्या मनाचा आणि माल देई आपल्या पसंतीचा, कारण उधारीचे गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही. ‘उधारीचे पोते सव्वा हात रिते’ ही आपली म्हण उगीच नाही. रोख रक्कम लागली तर तांब्यापितळेची भांडी गहाण पडत, नाहीतर बायकोच्या अंगावरचा डाग. भांडेही नसेल तर खात्यातला जॉबर पैसे देई. ज्याच्या हातात नोकरी, त्याच्याच हातात कर्ज. त्याला ‘व्याज जास्त होते’ असे म्हणण्याची छाती कुणाची? आणि पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर काठी घेतलेला पठाण सावकार उभा असे. कामगार बाहेर पडला की आधी त्याचे देणे, मग घर. गावाकडे मात्र पोस्टमन कधी येतो आणि मनीऑर्डर किती रुपयांची येते याकडे म्हातारी आई डोळे लावून बसलेली.

हा दर काय होता, तेही पाहू. रुपयाला महिना एक आणा हा सर्रास दर होता. ऐकायला किती हलका! शिक्षकबंधूंनी हे गणित फळ्यावर जरूर घालावे. दहा रुपयांना महिन्याला दहा आणे. बारा महिन्यांचे एकशे वीस आणे, म्हणजे साडेसात रुपये. शेकडा 75 टक्के व्याज झाले, आणि मुद्दलाचे दहा रुपये होते तसेच डोक्यावर! 1923 साली मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात शेकडा 47 कुटुंबे कर्जात आढळली, आणि कर्ज साधारणपणे अडीच महिन्यांच्या कमाईइतके होते. पुढे 1931 साली कामगारविषयक शाही कमिशनने हिंदुस्थानभरची पाहणी करून सांगितले, की बहुतेक औद्योगिक शहरांत निदान दोन तृतीयांश कुटुंबे कर्जबाजारी आहेत.

यावर शहाणी माणसे काय म्हणत? ‘अंथरूण पाहून पाय पसरावे. ऋण काढून सण करू नये.’ उपदेश खोटा नव्हे. लग्नकार्यात वाजवीपेक्षा जास्त खर्च होत होता, दारूत पैसा जात होता. पण अंथरूणच जर दीड महिना मालकाच्या कपाटात कुलूपबंद असेल, तर पाय कशावर पसरायचे? कामगाराने केलेल्या कामाचा पैसा मालकाजवळ बिनव्याजी पडून राहायचा, आणि त्याच काळासाठी कामगार बाहेरून 75 टक्क्यांनी पैसा उचलायचा. खरी मेख इथे होती.

ही मेख फार लवकर ओळखणारा एक माणूस आपल्यात होऊन गेला. नारायण मेघाजी लोखंडे हे त्यांचे नाव. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक. 1884 साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारनियुक्त कमिशनपुढे ठेवला. रविवारच्या सुटीची मागणी त्यात होती, ती सर्वांना माहीत आहे. पण त्याच अर्जात आणखी एक साधी मागणी होती : मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. पगार वाढवा असे नव्हे. नुसता वेळेवर द्या! रविवारची सुटी 1890 साली मिळाली. पगाराच्या तारखेला मात्र कायद्याचे बंधन आले ते 1936 साली. त्या वेतनवाटप कायद्याने हजारांहून कमी कामगार असतील तेथे सात दिवसांत आणि मोठ्या कारखान्यांत दहा दिवसांत पगार देणे बंधनकारक केले. अर्ज आणि कायदा यांत बावन्न वर्षे गेली. 2019 च्या वेतन संहितेनेही मासिक पगाराला सात दिवसांचीच मुदत धरली आहे.

दुसरा उपाय सावकारीला वेसण घालण्याचा. 1937 साली दिवाणी कायद्यात दुरुस्ती होऊन छोट्या पगाराला जप्तीपासून संरक्षण मिळाले. 1946 च्या मुंबई सावकारी कायद्याने परवाना, हिशेबाच्या वह्या आणि पावती यांची सक्ती केली. त्याची जागा आता महाराष्ट्राच्या 2014 च्या कायद्याने घेतली आहे. व्याज मुद्दलाहून जास्त वसूल करू नये हा दामदुपटीचा जुना दंडकही आपल्याकडे कायद्याने मानला.

तिसरा उपाय सर्वांत आपला : चारचौघांनी मिळून केलेली सोय. तिचे साधे रूप म्हणजे भिशी. बाराजणांनी दरमहा शंभर शंभर काढायचे, बाराशे रुपये एकाने उचलायचे. वर्षभरात प्रत्येकाची पाळी. व्याज नाही, कागद नाही. पण पहिली भिशी उचललेला माणूस गाव सोडून गेला, तर उरलेले अकराजण एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसतात. 1904 च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्याने याच भरवशाला हिशेब, जामीन आणि तपासणी यांची जोड दिली. त्यातूनच नोकरदारांच्या पतपेढ्या वाढल्या. आपल्यापैकी कितीतरी शिक्षकांच्या घराला दार बसले ते शिक्षक पतसंस्थेच्या कर्जातून. महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकार कायद्याने सभासदाच्या संमतीने पगारातूनच हप्ता कापून घेण्याची सोय ठेवली. त्यामुळे फाटकाबाहेर काठी घेऊन उभे राहण्याचे कारण उरले नाही.

आणि त्या खानावळवाल्या बायकांचे काय झाले? 1973-74 च्या गिरणी संपात त्यांनीच संपकऱ्यांना उधारीवर जेवू घातले आणि स्वतः कर्जात बुडाल्या. प्रेमा पुरव यांनी 1975 साली त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. ज्यांच्याजवळ गहाण टाकायला काही नव्हते, त्या बायका एकमेकींना जामीन राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्ज मिळवू लागल्या. शंभर वर्षे वाण्याच्या वहीत अडकलेली साखळी तिथे तुटू लागली.

श्रोतेहो, आज फाटकाबाहेरचा सावकार खिशातल्या मोबाइलमध्ये येऊन बसला आहे. दोन मिनिटांत पैसे मिळतात, आणि व्याज दिवसावर सांगितले जाते, म्हणजे पुन्हा तो हलका वाटणारा आणाच! शंभराला रोज एक रुपया म्हणजे वर्षाला 365 टक्के, हे पोराकडून करून घ्या. रिझर्व्ह बँकेने 2022 साली नियम केले, की वर्षाचा एकूण दर आधी सांगितला पाहिजे आणि कर्ज थेट घेणाऱ्याच्या खात्यात जमा झाले पाहिजे. जिथे दर सांगत नाहीत आणि उलट तुमच्या फोनमधली नातलगांची यादी मागतात, तिथे तो जुना काठीवालाच उभा आहे असे समजावे.

उसने घेणे ही शरमेची गोष्ट नाही. वेळ कुणावरही येते. पण घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : वर्षाचा दर किती, पावती मिळेल का, आणि फेडायला उशीर झाला तर काय होईल? उत्तर मिळाले नाही, तर उठून आपल्या पतसंस्थेची वाट धरावी. गावात ती नसेल, तर दहाजणांनी बसून या महिन्यापासून थोडेथोडे बाजूला टाकायला सुरुवात करावी. पुढच्या वीस तारखेला त्यांतल्या एकाला तरी दुसऱ्याचा उंबरठा चढावा लागणार नाही.